सुखरामची घट्ट गाठ

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. वय झालं असलं तरी माझं इंजिन ठणठणीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी सगळ्यांनी दोष मलाच दिला.

तरुणपणी मी जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये भाजी पोचवायचो. मग कोंढ्याच्या सुखरामने मला घेतलं. गावच्या तलावावर सत्तावीस मासेमार घरांची संस्था आहे. दर श्रावणात मी त्यांच्यासाठी लाखनीपलीकडच्या मत्स्यबीज केंद्रातून रोहू-कतला माशांची बोटभर पिल्लं आणतो. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर भरपूर ऑक्सिजन आणि तोंडाला रबराची गाठ. ती गाठ मारावी सुखरामनेच. त्याने बांधलेल्या पिशवीतून हवा कधी सुटत नाही, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

त्या सकाळी जाताना पंपावर डिझेल भरलं आणि माझ्या टाकीचं झाकण तिथेच राहिलं. केंद्रावर पोचल्यावर ते सुखरामच्या लक्षात आलं. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याने टाकीच्या तोंडावर पिशवीचं प्लास्टिक बसवलं आणि आपली नेहमीची गाठ मारली. एवढी काळजी घेणारा मालक किती जणांना मिळतो? मी खूश झालो.

चाळीस पिशव्या घेऊन आम्ही परत निघालो. सुखरामची बायको रेवताबाई मागे ओल्या पोत्यांखालच्या पिशव्या हलवत बसली होती. हलवलं की हवा पाण्यात मिसळते. पण ऊन कडक होतं, आणि अशा उन्हात पिल्लं चार-पाच तासच तग धरतात. केंद्रात दुसरी पिल्लं शिल्लक नव्हती. ही मेली असती, तर सत्तावीस घरांचा तलाव वर्षभर रिकामा राहिला असता.

लाखनी जवळ आली आणि मला धाप लागली. इंजिन आचके देऊ लागलं. कसाबसा सचिन मेकॅनिकच्या दुकानापर्यंत पोचलो आणि बंद पडलो.

"डिझेलमधी कचरा असंन, नाही तं नोझल गेले असतीन," सचिन म्हणाला. "म्हातारा झाला हा. भंगारात देऊन टाका, सुखरामभाऊ."

"आज पोचू दे गा. उद्या देतो," सुखराम म्हणाला.

मित्रांनो, ते मी ऐकलं. फार लागलं मला.

सचिनने पाईप खोलले, फिल्टर बदलला, पंप मारला. मी पहिल्याच किल्लीला सुरू झालो. रोग सापडला असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. यात एक तास गेला.

पुढे काही मैलांवर पुन्हा तेच. थांबलो की थोड्या वेळाने सुरू होई, चाललो की पुन्हा जीव घुसमटे. शेवटी धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर मी बंदच पडलो. आसपास सावलीला झाड नव्हतं. सुखरामने नवा फिल्टर काढला, फुंकला, परत बसवला.

"अवो, पोरं उलटी होऊन राहिली," रेवताबाई मागून म्हणाली. पिल्लांना ती पोरंच म्हणते.

पोती भिजवायला पाणी घ्यावं म्हणून ती खाली उतरली आणि माझ्या टाकीपाशी थबकली. तिच्या सगळ्या पिशव्या टम्म फुगलेल्या होत्या. टाकीवरचं प्लास्टिक मात्र आत खोल ओढलं गेलं होतं.

"हे आत काहून गेलं?"

"डिझेलची टाकी हाये ते. तिथं हवेचं काय काम?"

"मंग आत कोण ओढून राहिलं?"

उत्तराची वाट न पाहता तिने नखाने रबर सरकवलं. टाकीने लांब श्वास घेतला. सुखरामलाही तो आवाज ऐकू गेला, आणि तो कपाळाला हात लावून खालीच बसला. जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. सचिनने पाईप खोलले तेव्हा तेवढ्यापुरती हवा आत गेली होती, इतकंच. सुखरामच्या गाठीला कसलं आलंय छिद्र?

रेवताबाईने टाकीवर सुती फडकं सैल बांधलं. मग मी जो सुटलो, तो थेट तलावाच्या पाळीवर थांबलो.

तिथेही घाई चालत नाही. पिशव्या आधी तलावात तरंगत ठेवाव्या लागतात, आतलं पाणी तलावाच्या पाण्याएवढं गार होईपर्यंत. त्यात अर्धा तास गेला. तीन पिशव्यांतली पिल्लं गेली होती. उरलेल्या सदतीस पिशव्या सुखरामने एकेक करून सोडल्या. पिल्लं क्षणभर थबकली आणि खोल पाण्यात निघून गेली.

भंगाराचा विषय त्यानंतर निघाला नाही. झाकण दुसऱ्याच दिवशी आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी जुनं, थकलेलं असेल. ते धापा टाकू लागलं, तर लगेच त्याच्या वयाला दोष देऊ नका. आधी त्याच्याजवळ जाऊन नीट पाहा. माझा श्वास कोंडला होता तो मायेनेच मारलेल्या गाठीने.