शिवकांताच्या पुढच्या दातातली कणी

मित्रांनो, मी दात भरायच्या सिमेंटची एक जुनी कणी आहे. आज उकिरड्यात पडले असले, तरी एके काळी मी शिवकांताच्या पुढच्या दाताचा कोपरा होते.

उमरग्याच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. डॉक्टरांनी तिच्या ओठाशी नमुने धरून रंग निवडला, किंचित पिवळसर. मग काचेवर त्याच रंगाची पूड औषधात घोटून मला तुटक्या कोपऱ्यावर बसवलं.

"दात कसा तुटला?" त्यांनी विचारलं.

"हौदावर पाय घसरला," सासू कस्तुराबाई म्हणाल्या. शिवकांताच्या तोंडात कापसाचे बोळे होते.

खरं काय ते मला सास्तूरला, घरी गेल्यावर कस्तुराबाई आणि त्यांच्या लेकाच्या बोलण्यातून कळलं. त्या साली पाऊस नव्हता. गाय आटत चालली होती आणि दूध संस्थेत जाणारं दूध रोज कमी भरत होतं. तापानं फणफणलेल्या पुतळासाठी, आपल्या लेकीसाठी, शिवकांतानं कपभर दूध मागं ठेवलं. नवऱ्यानं, बिभीषणनं, रिकामी किटली तिच्या तोंडावर हाणली. नागपंचमीला तिला माहेरी न्यायला जळकोटहून तिचा भाऊ यायचा होता, म्हणून दात भरायची एवढी घाई.

भाऊ गोरोबा आला. "अक्का, बरं हाय न्हवं?"

"व्हय. बरं हाय," ती हसून म्हणाली.

तो माझ्याकडेच पाहत होता. त्याच्या जिवाला बरं वाटलं. पोरीला ताप आहे म्हणून सासूनं शिवकांताला माहेरी धाडलं नाही, तेही त्यानं मानलं.

तो गेल्यावर कस्तुराबाई म्हणाल्या, "डाक्टरनं झ्याक काम केलं. वळखू बी येत न्हाय." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

त्यानंतर बिभीषण तोंडावर मारत नसे. पाठीवर मारी. हळूहळू माझी कड काळी पडली, पण लोकांना लांबून हसू तेवढं दिसायचं.

पुढच्या एका उन्हाळ्यात मार चालू असताना पुतळा मध्ये पडली. तिला वाचवताना शिवकांता उंबऱ्यावर आपटली आणि मी निखळून अंगणात पडले.

"उद्या उमरग्याला जाऊ. परत भरून आणू," सासू म्हणाल्या.

"न्हाय जायचं."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या."

ती तशीच दूध घालायला गेली. पुढचं मी शेजारच्या नागम्माच्या तोंडून ऐकलं. शिवकांतानं तोंडाला पदर लावला नाही. कुणीतरी विचारलं, तेव्हा तिनं नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं, "बिभीषणनं मारलं. आधी बी त्येनंच मारलं हुतं." दूध मोजणाऱ्यानं पुढची किटली घेतली.

बातमी जळकोटला पोचली. गोरोबा आला आणि बहिणीला घेऊन निघाला. बिभीषणनं पुतळाचा दंड धरून ठेवला. "हिला जायाचं तर जाऊ दे. पोर आमची हाय." शिवकांता फाटकापासून दोनदा मागं आली. तिसऱ्यांदा गोरोबानं तिला ओढून नेलं.

आता अंगण पुतळा झाडते. तिच्याच खराट्यानं मी उकिरड्यात आले.

मित्रांनो, दात जपा. तुटला तर माझ्यासारखी कणी जरूर भरून घ्या. पण डॉक्टरांनो, एखादी बाई तुटका दात घेऊन आली, तर तिच्याबरोबरच्या माणसांना बाहेर बसवा. कापूस भरण्याआधी तिलाच विचारा.