प्रवाळावर रेंज चांगली येते

ओहोटीला एर्नेस्तीन कमरेला तीन ऑक्टोपस लटकवून प्रवाळाच्या कडेवर उभी होती आणि समोरच्या जहाजावरचा आचारी कांदा सोलताना तिला स्पष्ट दिसत होता. जहाजाचं स्वयंपाकघर इतक्या जवळून दिसणं, ही काही चांगली बातमी नसते.

रॉड्रिग्ज बेटावरच्या ग्राव्हिये गावातल्या बायका ओहोटीला चालत प्रवाळावर जातात आणि बिळात लोखंडी सळई घालून ऑक्टोपस धरतात. एर्नेस्तीनची त्यात पन्नास वर्षं गेली होती. सारं गाव तिला तांतीन म्हणे, म्हणजे मावशी. ऑक्टोपसही म्हणत असावेत, कारण पाहुणीला चुकवावं तसे ते तिला चुकवत.

जहाजाचं इंजिन बंद होतं. प्रवाह त्याला प्रवाळाकडे आणत होता, अगदी सावकाश, गाय शेजारच्या मक्याकडे सरकते तसा. त्याच्या पोटात शेकडो टन जाड, काळं तेल असणार. शेजारच्या मोठ्या बेटाजवळ असंच एक जहाज फुटलं, तेव्हा तेल शोषायला तिथल्या बायकांनी केस कापून दिले होते. एर्नेस्तीनच्या चुलतबहिणीचे अजून खांद्यापर्यंत आले नव्हते. आणि केस निदान वाढतात तरी. प्रवाळ हातभर वाढायला एर्नेस्तीनचं उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

"फिलिबेर!" तिने होडीत पहुडलेल्या दिराला हाक मारली. "बंदरात फोन लाव!"

"लावतोय मघापासून, वहिनी. लागत नाही. सगळी रेंज त्यांनीच खाल्लीय."

"कोणी?"

"कठड्याकडे बघा की."

कठड्याला अठरा खलाशी ओळीने उभे होते. अठराही जणांचे हात वर, प्रत्येक हातात फोन. कुणी बायकोला हसवत होता, कुणी पोराला पाढे विचारत होता. गेल्या वर्षी टेकडीवर नवा टॉवर झाला, तेव्हा गावाने पाद्रीबाबांकडून त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं होतं. रेंज भर समुद्रात जाईल आणि जहाजं गोळा करून आणेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"चल, वर जायचंय," एर्नेस्तीन होडीत चढत म्हणाली.

"वहिनी, त्यांचा रंगाचा डबासुद्धा आपल्या होडीपेक्षा मोठा असेल."

"मग डब्यात बसून जाऊ. वल्हव."

जहाजाखाली पोचल्यावर ती ओरडली, पण खाली बघायला कुणाला सवड नव्हती. मग तिने ऑक्टोपस उंच धरले. आचाऱ्याने कांदा टाकला. दोन मिनिटांत दोराची शिडी खाली आली.

वर सुकाणूच्या खोलीत कॅप्टन लाब्रोस फोनसमोर उभा राहून वाढदिवसाचं गाणं म्हणत होता. गडी सेशेल्सचा, तिथली क्रिओल बोली इथल्यासारखीच, त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द एर्नेस्तीनला कळत होता.

"पाच मिनिटं थांबा, मादाम. आईला आज सत्तर पूर्ण झाली."

"पाच मिनिटांत माझ्या प्रवाळाची शंभर भरतील, बघ जरा खिडकीतून!"

"चार्टप्रमाणे अजून पुष्कळ पाणी आहे." त्याने समुद्राच्या नकाशावर बोट ठेवलं.

एर्नेस्तीनने वाद घातला नाही. तिने त्याच्या हातातला फोन काढून घेतला. पडद्यावर केकमागे एक ठसठशीत म्हातारी बसली होती.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाई. तुमचा मुलगा माझ्या दारात जहाज घालतोय."

म्हातारीने मेणबत्ती फुंकायला भरलेला श्वास दुसऱ्या कामासाठी वापरला.

"आर्मान! कुणाच्या दारात आहेस तू?"

"आई, चार्टप्रमाणे—"

"चार्टने जन्म दिला नाही तुला! बाई, काय सांगू, हा सायकलसुद्धा अशीच लोकांच्या भाजीत घालायचा. आर्मान, इंजिन सुरू कर. तोवर मी केक कापणार नाही."

इतकं मोठं इंजिन हाक मारली की उठत नाही. त्याला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात खालचं पाणी निळ्याचं हिरवं झालं आणि मग तळ दिसू लागला. आपण कालच ज्या बिळापाशी वाकलो होतो, ते एर्नेस्तीनने वरून ओळखलं. खलाशांनी आपण होऊन फोन खिशात घातले. फोनमधून फक्त म्हातारी जपमाळ ओढत असल्याचं ऐकू येत होतं, आणि अधूनमधून "गाढवा".

इंजिन खोकलं. जहाज थरथरलं, जरा विचारात पडलं आणि मागे सरकू लागलं. दोराने बांधलेली होडीही ओढली गेली, आणि तिच्यात थांबलेल्या फिलिबेरने असे शब्द काढले की पाद्रीबाबांना टॉवरवर पुन्हा पाणी शिंपडावं लागलं असतं.

दोन मैलांवर रेंज गेली. म्हातारी पडद्यावर होती तशीच थिजली, तोंड उघडं, बोट कॅप्टनवर रोखलेलं. फोन बंद करायची त्याची छाती झाली नाही. फोन काचेपाशी टेकवून ठेवून तो नीट समोर बघत जहाज चालवू लागला.

"तांतीन," पुढे जहाज थांबवून तिला शिडीवर उतरवताना तो हळूच म्हणाला, "तळ दिसला, हे आईला सांगू नका."

"बघते," एर्नेस्तीन म्हणाली आणि म्हातारीला फोनवर पाककृती विचारणाऱ्या आचाऱ्याकडून तिचा नंबर घेऊनच उतरली. त्यासाठी एक ऑक्टोपस गेला.

पुढच्या महिन्यात म्हातारीचाच फोन आला. "आज आर्मान तिकडून जाणार होता. किती लांबून गेला?"

एर्नेस्तीनने प्रवाळावरून समुद्र नजरेने झाडून काढला. क्षितिजापर्यंत ठिपका नव्हता.

"गेला हो," ती म्हणाली. "पण जरा जवळूनच."