ब्रुनिसेंदाची उंची

ब्रुनिसेंदा ही आमच्या गावची गिरणीवाली. वेढा घालून बसलेल्या सैनिकांच्या डोळ्यांत तिने पुलावरून पीठ उधळलं आणि गाव वाचवलं, अशी गोष्ट आहे. अशी बाई कधी जन्मलीच नव्हती, हे आमच्या शाळेतल्या बाईसुद्धा सांगतात. पण जत्रेच्या दिवशी लाकडी सांगाडा, कागदाच्या लगद्याचं तोंड आणि घेरदार घागरा असा थाट करून ती चौकात येते. घागऱ्याच्या आत शिरलेला माणूस तिला खांद्यावर उचलून गिरक्या घेतो, आणि तेव्हा तिला खोटं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

मागच्या हिवाळ्यात जत्रेच्या मंडळाची वखार जळाली. ब्रुनिसेंदा गेली आणि तिचे फोटोही गेले. उरला तो एकच, फेर्मिनाच्या खानावळीत वाइनच्या पिंपावर टांगलेला. त्यात ती कमरेपासून वर दिसते. खालचा भाग बघ्यांच्या डोक्यांनी झाकलाय.

नवी घडवायला ओट्जेर नावाचा कारागीर आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ती किती उंच होती? झालं, सगळं गाव एकदम बोलायला लागलं. शेजारच्या तोर्रेप्लाना गावच्या जत्रेतल्या लाकडी राजापेक्षा ती उंच होती, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. तोर्रेप्लानाला खाली दाखवायचं असलं की आमचं नेहमीच एकमत होतं.

मंडळाचा अध्यक्ष आणि हल्ली तिला उचलणारा फेरिओल म्हणाला, वाद कशाला घालता, वेशीकडे चला. आमच्या वेशीच्या कमानीत मधल्या दगडावर एक खोल चरा आहे. ब्रुनिसेंदाच्या डोक्यावर पत्र्याच्या ओंब्या होत्या, त्या दरवर्षी तिथे घासायच्या. फेरिओलचे वडील बाल्दिरी तिला उचलून कमानीखालून न्यायचे आणि मुद्दाम वाकायचे नाहीत. गडी खांबासारखा उंच होता. तिला खांद्यावर घेतलं की घागऱ्याखालून त्यांच्या नडग्या दिसायच्या, आणि तिच्यासारखेच त्यांचे लाल पायमोजेही गावात प्रसिद्ध होते. त्यांच्या थडग्यावर कोरलंय की या माणसाने एकही जत्रा चुकवली नाही. फेरिओल ते वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

इथे मला माझ्या सिंताआत्याबद्दल सांगितलं पाहिजे. ही माझ्या वडिलांची बहीण, ब्रुनिसेंदाचा घागरा शिवणारी, अंगाने माझ्यासारखीच चिमुकली. तरुणपणी एका जत्रेत आपण ब्रुनिसेंदाला नाचवलं, असं ती सांगायची. बायकांनी सांगाड्याला खांदा लावायचा नाही, असा तेव्हा नियम होता. घागऱ्याची उसवलेली शिवण घालायला ती आत शिरली होती. बाल्दिरींनी आदल्या रात्री गोगलगाई खाल्ल्या होत्या, त्यांच्या पोटात कळ आली आणि ते बाहेर पळाले. बाहेर बासरी वाजायला लागली, मग हिनेच उचललं. कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे दर जत्रेला कोणीतरी दात काढून विचारायचं, "काय आत्या, यंदा तुम्हीच उचलणार ना?" ती हसून सोडून द्यायची. मी सोडायची नाही. एकदा तर मी एकाच्या डोक्यावर सोड्याची बाटली ओतली होती. पुढे पुढे आत्याने ती गोष्ट सांगणंच सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

तर कमानीतल्या चऱ्यापर्यंत मोजून उंची मिळाली. पण ओट्जेर म्हणाला, दगडावरच्या चऱ्यावर मी बाहुली घडवत नसतो, फोटोवरूनही मोजू. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे लांब बांबू आणि मेजरटेप मीच आणला. फोटोत ओंब्यांचं टोक टाऊन हॉलच्या बाल्कनीखालच्या दगडी सिंहाच्या हनुवटीला टेकलेलं दिसतं. फोटो कारंज्याच्या पायरीवरून काढलेला आहे, हे कोणालाही कळेल. ओट्जेर पायरीवर उभा राहिला. ब्रुनिसेंदा जिथे उभी राहून नगराध्यक्षांना मुजरा करून गिरक्या घ्यायची त्या फरशीवर मी बांबू धरला, आणि तो ओरडेल तसा वर-खाली केला. टोक त्याला सिंहाच्या हनुवटीला टेकलेलं दिसलं तसं आम्ही मोजलं.

कमानीपेक्षा वीतभर कमी भरलं.

फेरिओलचा चेहरा पडला. पुन्हा मोज म्हणाला. पुन्हा मोजलं, तेवढंच. चौकातल्या फरश्या बदलल्या असतील म्हणाला. फरश्या त्याच्या आजोबांच्या वेळच्या होत्या. मग त्याला सुचलं की फोटो काढताना तिला जमिनीवर टेकवून ठेवलं असणार. हे सगळ्यांना पटलं, आणि लोक घरी निघाले.

"हात बघा," ओट्जेर म्हणाला.

ब्रुनिसेंदाचे हात म्हणजे भुसा भरलेल्या बाह्या. ती उभी असली की त्या लोंबतात, गिरकी घेतली की पसरतात. फोटोत दोन्ही हात पंखांसारखे आडवे होते. म्हणजे ती टेकलेली नव्हती, कोणाच्या तरी खांद्यावर होती आणि गरगर फिरत होती. आणि गुडघे वाकवून गिरकी घेता येत नाही, हे मंडळात नव्याने येणाऱ्यांना फेरिओलच शिकवतो.

आम्ही सगळे इतके दिवस हिची उंची, हिची उंची करत बसलो होतो. आमच्या लेखी ती स्वतःच्या पायांवर चालणारी बाई होती! तिला पाय होतेच कुठे? आत जो असेल त्याचेच पाय.

"आत कोणीतरी बुटकं होतं," मी म्हणाले. "बाल्दिरीकाकांपेक्षा वीतभर बुटकं."

मग फेर्मिना फोटो हातात घेऊन हळूच म्हणाली, की हा फोटो काढला त्या वर्षी घागरा पार जमिनीला लागला होता आणि लाल पायमोजे दिसलेच नव्हते. तिने सिंताआत्याला विचारलंही होतं की नवी झालर लावलीस का. आत्या म्हणाली होती, घागरा तोच आहे, मीच बुटकी. फेर्मिनाला तेव्हा तो विनोद वाटला होता.

फेरिओल निघून गेला. मला खरं तर त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याची पाठ बघून ओरडवेना. ते थडग्यावरचं वाक्यच त्याची सगळी मिळकत होती.

संध्याकाळी तो आत्याच्या दारात आला. मी तिथेच होते, आणि आत्या शेंगा सोलत होती. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "आत्या, बाबांनी कधी सांगितलं नाही. थडग्यावर कोरलंय ते आता..."

"राहू दे तसंच," आत्या म्हणाली. "बाल्दिरी होताच की जत्रेत. टाऊन हॉलच्या पायरीवर पोट धरून बसला होता आणि मला पावलं सांगत होता. डावीकडे, डावीकडे, सिंता! माणूस आजारी होता, पण जत्रा त्याने चुकवली नाही."

फेरिओलने डोळे पुसले, आणि मीही पुसले. मग तो म्हणाला की ओट्जेर विचारतोय, खांद्यावर घ्यायची आडवी दांडी किती उंचीवर बसवायची. आणि त्याने खिशातून माझ्याच दुकानातला मेजरटेप काढला.

आत्याने शेंगा बाजूला ठेवल्या. मग उठून आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिने घरातल्या सपाता काढून दोराच्या तळाचे जुने जोडे घातले होते, घोट्यावर रिबिनी बांधलेले.

"त्या दिवशी हेच होते," ती म्हणाली. "आणि तेव्हा मी आतापेक्षा बोटभर उंच होते. आता पाठ वाकलीय."

"मग ताठ उभ्या राहा, आत्या."

ती भिंतीला टेकली आणि ताठ झाली. खरंच झाली, इतकी वर्षं मी तिला बघतेय, अशी कधी पाहिली नव्हती. फेरिओल तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, टेपचं टोक तिच्या टाचेशी धरलं आणि तिच्या खांद्यापर्यंत नेलं.

"एवढ्या खाली दांडी बसवलीस तर यंदा तुझ्या नडग्या गुडघ्यापर्यंत दिसतील," आत्या म्हणाली. "तोर्रेप्लानाचे लोक हसतील."

"मी कशाला उचलू? तुमच्या भाचीच्या खांद्याला ती बरोबर बसेल," फेरिओल आकडा वाचत म्हणाला. "आणि कोणी विचारलंच, तर सांगेन की आमची ब्रुनिसेंदा सिंताआत्याच्या मापाची आहे."