वरून चार, खालून चार

मित्रांनो, मी एका घरातला जुना कीबोर्ड. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून आज बोलतो आहे. एरवी आमच्या जातीने बोलायचे नसते. बोटे सांगतील तेवढेच उमटवायचे.

कारखान्यात पोलादी बोटांनी माझी एकेक कळ हजारदा दाबून पाहिली, मग मला खोक्यात घालून पाठवून दिले. या घरात आलो तेव्हा बाबांनी माझ्या कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. बाबा म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळी इमारत त्यांना ‘लिफ्टवाले काका’ म्हणते. त्यांनी पट्ट्या अशा सरळ रेषेत लावल्या की आजतागायत एकही वाकडी झालेली नाही.

मला वापरायची ती मात्र त्यांची लेक. ती लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, तो दिवसभर दाबून दाबून तिचा पाय ठणकतो, आणि घरी आल्यावरही तिचा जीव जरा घाईतच असतो.

घरात दोनच माणसे, पण बोलणे कामापुरते. ‘दूध संपलंय’, ‘बिल भरलं’, एवढेच. सात वर्षांपूर्वी आई इस्पितळात वारली, तेव्हा तिच्याजवळ कोणीच नव्हते. लेक धावतपळत पोहोचली तर खाट रिकामी, आणि बाबा दारात उभे, हातात थर्मास. “कुठे होतात तुम्ही?” तिने विचारले. “चहा आणायला गेलो होतो,” ते म्हणाले. तेवढ्यावर जे बंद झाले ते बंदच. हे मला कसे ठाऊक? लेकीने ते एकदा माझ्याकडून लिहून घेतले होते, आणि लगेच पुसूनही टाकले होते.

लेक एका ब्लॉगवरच्या लेखनस्पर्धेत भाग घेते. दर आठवड्याला एक विषय. त्यात बाहेरून कोणी परीक्षक येत नाही. लिहिणाऱ्यांनीच एकमेकांना गुण द्यायचे. प्रत्येकाच्या वाट्याला पाच लेख येतात, त्यांवर लेखकाचे नाव नसते. दहापैकी गुण द्यायचे आणि खाली दोन ओळी अभिप्राय लिहायचा. पाचही तपासल्याशिवाय तुमचा स्वतःचा लेख धरला जात नाही. शनिवारी सगळी नावे उघड होतात, कोणी लिहिले तेही आणि कोणी किती गुण दिले तेही.

सुरुवातीला लेक काय सुरेख अभिप्राय लिहायची! एकेक लेख दोनदा वाचायची. लोक तिचे आभार मानायचे आणि मलाही आपण फार मोठे काम करतो आहोत असे वाटायचे. मग तिच्याकडे शिकाऊ मंडळी वाढली आणि वेळ आटला. तिने तीन अभिप्राय तयार करून ठेवले: एक गोड, एक बेताचा, एक कडक. इथून उचलायचा, तिथे चिकटवायचा. माझ्यातली बाकीची अक्षरे बसून राहिली आणि उचलण्याची सी आणि चिकटवण्याची व्ही या दोन कळा तेवढ्या गुळगुळीत झाल्या. कचरा साचला, एक बिस्किटाचा तुकडा तर महिनाभर माझ्या पोटात होता.

त्या आठवड्याचा विषय होता ‘उशीर’. लेकीने परीक्षेला उशिरा पोहोचलेल्या शिकाऊ चालकाची गंमत लिहिली आणि ती कामाला निघून गेली. संगणकावर तो विषय उघडाच राहिला होता. दुपारी माझ्यासमोर बाबा येऊन बसले.

मी दचकलोच. एक बोट. तेही जाडजूड, ग्रीस मुरलेले. ते माझ्यावर भिरभिरायचे, अक्षर सापडले की टक्कन पडायचे. चार दुपारी ते बसले, आणि चौथ्या दुपारी मला कळले की हे आईच्या शेवटच्या संध्याकाळबद्दल आहे.

आईने चहा मागितला होता. बाबा खाली गेले, थर्मास भरून घेतला, आणि परत वर येताना लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांमध्ये अडकली. ज्या माणसाने तीस वर्षे अडकलेल्या लिफ्टी सोडवल्या, तो स्वतःच आत. दार कसे उघडायचे, फटीतून वर कसे चढायचे, सगळे त्यांना येत होते. पण जन्मभर त्यांनी लोकांना बजावले होते, अडकलात तर आत शांत बसा, बाहेर पडायला जाऊ नका, जीव जाईल. तो नियम त्यांनी पाळला. चाळीस मिनिटे ते थर्मास धरून बसले. वर पोहोचले तेव्हा उशीर झाला होता.

मी कीबोर्ड आहे, मला रडता येत नाही. पण त्या दुपारी माझ्या कळा जड झाल्या होत्या, हे खरे सांगतो.

बाबांनी टोपणनाव दिले ‘लिफ्टवाले काका’, लेख पाठवला आणि आपल्या वाट्याचे पाचही तपासले. आता ऐका. तपासायच्या पाच लेखांमध्ये लेकीच्या वाट्याला तोच आला.

माझा शेजारी म्हणजे संगणकाचा पडदा, त्याच्या पोटात काही राहत नाही. तो कुजबुजला, “अरे, हा बाबांचा आहे.” सुरुवात साधी होती: ‘इमारत सहा मजली. पायऱ्या एकशे बत्तीस. भिंतींना फिका हिरवा रंग.’ लेकीने जांभई दिली. मग तिच्या बोटाने माझी एकच कळ दाबली, थेट शेवटाला नेणारी. शेवटी होते, ‘चहा अजून गरम होता.’ झाले. वरून चार ओळी, खालून चार ओळी. सी, व्ही. कडक अभिप्राय चिकटला: ‘लेखनात खरेपणा जाणवत नाही. पात्राविषयी काहीच वाटत नाही.’ गुण दोन.

मी हादरलो. माझ्याच कळांवर चार दुपारी जे एकेक अक्षर करून उतरले, त्यावर माझ्याच कळांनी हा शिक्का मारला होता. ओरडून तिला थांबवावे असे वाटले. पण मला आवाज कुठला!

शनिवारी सकाळी लेक कामावर असताना बाबांनी निकाल उघडला. गुण देणाऱ्याच्या जागी लेकीचे नाव होते. आता रागावतील, काही तरी जळजळीत लिहितील, असे मला वाटले. त्या एका बोटाने लिहिले, ‘आपले म्हणणे मान्य आहे.’ त्यांनी पडदा पुसला आणि ते आत गेले.

संध्याकाळी लेक आली. तिचा तिसरा क्रमांक होता, ती खूश झाली. मग सहज तिने तपासलेल्या लेखांची नावे पाहिली आणि तिचा हात माझ्यावर तसाच राहिला. या वेळी तिने खाली नेणारी कळ दाबली, एकेक ओळ, एकेक ओळ. मधोमध येऊन बोट थांबले.

“बाबा,” तिने हाक मारली. “तुम्ही लिफ्टमध्ये अडकला होतात?”

बाबा दारात आले. “हो.”

“मग मला सांगितलं का नाहीत? नुसतं चहा आणायला गेलो होतो म्हणालात.”

“चहा आणायलाच गेलो होतो. लिफ्टवालाच लिफ्टमध्ये अडकला, हे कुणाला खरं वाटलं असतं? आणि मला बाहेर पडता आलं असतं गं. मी पडलो नाही.”

“मी हे वाचलंच नव्हतं, बाबा. न वाचता दोन दिले.”

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “न वाचता? मला वाटलं, तू ओळखलंस आणि विचार करून दिलेस. म्हणून तर मान्य म्हणालो.” मग खुर्चीच्या पाठीला धरून ते म्हणाले, “दोन तरी होते. मी स्वतःला सात वर्षं शून्यच देतोय.”

एकदा दिलेले गुण त्या ब्लॉगवर बदलता येत नाहीत. लेकीने डोळे पुसले आणि बाबांच्या उत्तराखाली लिहायला घेतले. चिकटवले नाही, लिहिले. बाबा वाकून एकेक शब्द वाचत होते. ‘हा लेख मी न वाचता तपासला होता. आज वाचला. त्या लिफ्टमध्ये माझे वडील होते. त्यांची काहीही चूक नव्हती.’

मित्रांनो, कोणी लिहिलेले तुमच्या पुढ्यात आले आणि आवडले नाही, तर तसे खुशाल सांगा; कमी गुण द्या. पण वरून चार आणि खालून चार ओळी पाहून देऊ नका. बाबांची लिफ्ट मधल्या ओळींत अडकली होती.