निरंक

"बाई, ह्या कागदावर तुमचंच नाव हाय ना?"

पौर्णिमा ऑफिसच्या दाराशी उभी होती. केसांवर कोंड्याची धूळ, हातात पोती शिवायचा दाभण. दुसऱ्या हाताचं बोट भिंतीवरच्या चौकटीकडे होतं. चौकटीत महिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीची नावं होती आणि सगळ्यांत वर 'अध्यक्ष' या शब्दापुढे आशालताबाईंचं.

बालाघाटच्या त्या राइस मिलमध्ये हजेरी, रजा आणि पत्रव्यवहार सांभाळण्यात आशालताबाईंची एकतीस वर्षं गेली होती. आठ वर्षांपूर्वी कामगार निरीक्षक येणार म्हणून घाईघाईने ती चौकट लागली. तेव्हापासून ती कुणी वाचल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा वाचली नव्हती.

"हौ, माझंच," त्या म्हणाल्या.

"मंग मले शिकायत कराची हाय. लोकेश सुपरवायझरची. बारदाना मोजाले म्हणून आत बलावते, अन् दार लावते."

पुढचं तिने जमिनीकडे बघत सांगितलं. आशालताबाई ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही, आला तो थकवा. निवृत्तीला पाच महिने उरले होते. शेठजींनी त्यानंतरही दोन वर्षं ठेवून घ्यायचा शब्द दिला होता.

"मी बोलते शेठजींशी," त्या म्हणाल्या.

"बोलू नका, बाई. लिवा. नुसतं बोललं तं तो हासते."

ती गेल्यावर आशालताबाईंनी कपाटातली फाइल काढली. कायद्याची प्रत आत कोरी करकरीत होती. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला तिला मदत करणं हे अध्यक्षाचं काम, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पौर्णिमेला समोर बसवलं आणि तीन पानं लिहून काढली. पौर्णिमेने खाली एकेक अक्षर कोरत सही केली.

त्याच आठवड्यात नीळकंठ आला. मिलची कायद्याची कागदपत्रं तोच तयार करी. समितीचा वार्षिक अहवाल त्याने टाइप करूनच आणला होता. प्राप्त तक्रारी : निरंक.

"सही मारा, बाई. नेहमीचंच हाय."

"यंदा निरंक नाही, नीळकंठ. एक आहे."

तो खुर्ची ओढून बसला. "पाच महिने राह्यले तुमचे. काहून डोक्याले ताप करून घेता?"

संध्याकाळी शेठजींनी बोलावलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी कपबशीतून चहा आला.

"आशाजी, घर की बात है. लोकेश को मैं समझा दूँगा."

"लिखकर आई है, सेठजी," आशालताबाई म्हणाल्या. "अब तो सुननी पड़ेगी." चहा तसाच राहिला.

चौकशी काटाघरात बसली. बाहेर ट्रक वजनाला थांबत, तेव्हा खोली हादरे. मिलबाहेरच्या सदस्य म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका विमलाबाई आल्या होत्या. पोत्यांच्या शिलाईवरच्या सहा बायका एकेक करून आत आल्या आणि सहाही जणींनी तेच सांगितलं, "आमी काही पाह्यलं नाही."

लोकेश पाय पसरून बसला होता. "देखा मैडम?"

विमलाबाईंनी पेनला टोपण लावलं. पौर्णिमा कोपऱ्यात उभी होती. ती आशालताबाईंकडे बघत होती, पण काही मागत नव्हती.

त्या नजरेनेच आशालताबाईंना खाली बघायला लावलं. दिवाळीनंतरच्या सोमवारी त्या बारदान्याच्या, रिकाम्या पोत्यांच्या खोलीकडे गेल्या होत्या. दार उघडून पौर्णिमा बाहेर आली होती. मनगटावर फुटलेल्या बांगडीचं रक्त, मागे लोकेश. दोघींची नजरानजर झाली होती आणि आशालताबाई काहीतरी विसरल्यासारखं करून माघारी वळल्या होत्या. तक्रार लिहिताना पौर्णिमेने सगळं सांगितलं, एवढं सोडून.

आशालताबाई खुर्चीवरून उठल्या.

"विमलाताई, माझी साक्ष लिहून घ्या. त्यानंतर मला इथे अध्यक्ष म्हणून बसता यायचं नाही. दुसरी नेमावी लागेल."

"विचार केलाय ना?" विमलाबाईंनी हळूच विचारलं.

"दिवाळीपासून तेच करतेय." मग लोकेशकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी पाहिलं. आणि पाहून परत फिरले. दोन्ही लिहा."

अध्यक्ष म्हणून ऑफिसमधल्या अंजूला नेमलं गेलं. पुढच्या बैठकीत शिलाईतली आणखी एक बाई बोलली. महिन्याभराने निकाल लागला आणि लोकेशला काढलं. तोवर पौर्णिमा कामावर यायची थांबली होती. गावात बोलणं सुरू झालं, सासूने घरात बसवलं, एवढंच कळलं. आशालताबाईंचं टेबल काटाघरात हललं. पुढच्या दोन वर्षांचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही.

निकालाची एक प्रत तक्रार करणारीला द्यायची असते. पोस्टाने पाठवता आली असती. पण एका रविवारी आशालताबाई परसवाड्याच्या बसमध्ये बसल्या आणि तिथून ऑटोने पौर्णिमेच्या गावी गेल्या.

अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती. पौर्णिमेने हात लुगड्याला पुसून कागद घेतला. थोडा वेळ अक्षरांवर बोट फिरवलं आणि परत दिला.

"तुमीच वाचा."

आशालताबाईंनी हळू आवाजात वाचलं, "शिकायत सही पाई गई."

"म्हंजे मी खरी बोलली?"

"हौ. तसंच लिहिलंय."

पौर्णिमेने मागे वळून घराच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"जरा जोरानं वाचा ना, बाई. आत सासू बसली हाय."

आशालताबाईंनी चष्मा नीट केला, घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.