झऱ्याच्या वाटेवरचं कुलूप

मी बायजी. तलासरीकडच्या आमच्या पाड्यावरची धवलेरी, म्हणजे देवीची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. चाळीस वर्षं लावतेय. माझ्या जिभेला सगळा पाडा घाबरतो, आणि घाबरावंच.

आमची एक रीत आहे. हळदीचं पाणी धवलेरीनं स्वतःच्या पायांनी जाऊन झऱ्यावरून आणायचं. ज्या साली जमणार नाही, त्या साली गाणं दुसरीच्या हवाली करायचं. झरा तसा हाकेच्या अंतरावर. पण बाटलीच्या पाण्याची कंपनी आली, तिनं वाटेवर फाटक घातलं आणि कुलूप ठोकलं. तेव्हापासून टेकडीला वळसा घालून जावं लागायचं. त्या चढावर माझा उजवा गुडघा जीव घ्यायचा. गेल्या वर्षीच्या लग्नात हंडा कसाबसा आणला. यंदा बारकीच्या लेकीचं, योगिताचं लग्न, आणि मला कळून चुकलं होतं की हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. कोणाला बोलले नाही. पण फार वाईट वाटत होतं.

कंपनीची फीत कापली होती प्रविणदादानं. दादा म्हणजे आमच्या भागातला पुढारी, फिरायचा तोही कंपनीच्याच गाडीतून. आम्ही बायका त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, "आजी, आपलीच माणसं आहेत ती. थोडं थांबा." दोन वर्षं थांबलो. मग गेल्या वर्षी माझी भाची संगीता एकदम उठली, "थांबायचं कशाला? ती बाटलीच नको!" झालं! आमच्या पाड्यात बाटली बंद, मग शेजारच्या पाड्यांत. आमची माणसं हायवेवर चारोटीला चहाला थांबेनात, तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यांनीही ती फ्रीजमधून काढली.

खरी गंमत पुढे झाली. दादाच्या सभेत टेबलावर ती बाटली दिसली की बायका उठायच्या. घोषणा नाही, भांडण नाही. पदर झटकायचा आणि चालायला लागायचं. तीन सभा अशा रिकाम्या झाल्या. चौथ्या सभेत दादानं टेबलावर तांब्या ठेवला. आत ओतलेलं पाणी बाटलीचंच, हे आमच्या पाड्यावरच्या काकड्यानं पाहिलं आणि तीही सभा उठली.

योगिताच्या लग्नाला दादा आला, तेव्हा निवडणूक सहा महिन्यांवर होती. कंपनीची गाडी वळणावर सोडून चालत आला बिचारा, घामाघूम. आणि मागोमाग कंपनीचा मॅनेजर दीपेशभाई, बाटल्यांचे खोके आहेर म्हणून घेऊन! दादानं त्याला ओळखच दाखवली नाही.

हळद अजून लागायची होती. मी मांडवात बसून गात होते. आमच्याकडे धवलेरी गाण्यात ज्याचं नाव घेऊन आहेर मागते, त्यानं तो कबूल केल्याशिवाय मांडव सोडायचा नाही. मी दादाचं नाव घेतलं आणि झऱ्याची वाट मागितली.

दहा-बारा मोबाइल वर झाले. दीपेशभाई दादाच्या कानाशी लागला, "दादा, आपलं ठरलंय ना?"

"काय ठरलंय?" दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चावी काढा."

"पण मालकांना विचारावं लागेल..."

"मालकांना सांगा, दादानं काढायला लावली. आणि आधी हे खोके उचला."

दीपेशभाईचा चेहरा पार उतरला. तीन वर्षं याच दादाला कंपनीनं गाडीतून मिरवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याची दया आली. "भाई, जेवून जा," म्हटलं. "पाणी मात्र आमचं पी."

कुलूप निघालं. दादानं फाटकाशी फोटो काढून घेतले. उद्या मेल्याचा बॅनर लागेल, वाट मीच खुली केली म्हणून. लागू दे! मी हंडा घेऊन त्या वाटेनं निघाले आणि भरून परतही आले, माझ्याच पायांनी. येताना रडू आवरत नव्हतं.

मांडवाच्या दाराशी संगीतानं हंडा उतरवून घेतला आणि आधी माझ्या गुडघ्याकडे बघितलं.

"गेल्या वर्षी तू लंगडत आलीस ना मावशी, त्याच दिवशी मी ठरवलं, ती बाटली नको."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू कोणाला बोललीस?"

मी तिला एक चापट मारली, डोळे पुसले आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे उचललं.