खडूने आखलेली साइडकार

बाबा गेल्यावर त्यांची जावा मोटरसायकल माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर साइडकारही. माझं लहानपण त्या साइडकारमध्येच गेलंय. मावशीचं गाव, दातांचा डॉक्टर, आठवड्याचा बाजार. पाऊस आला की बाबा वरून ताडपत्री ओढायचे आणि मी आत अंधारात सफरचंद खात बसायची.

अनेश्का तीन वर्षांची झाली त्या हिवाळ्यात माझा नवरा रादिम म्हणाला, "हेदा, गाडी नव्याने बांधायची का? आपल्या तिघांसाठी?"

'तिघांसाठी' हा शब्द त्याचा. मी मागितलेला नव्हता, म्हणून तर इतका गोड लागला.

साइडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकापेक्षा जरा पुढे यावं लागतं, नाहीतर गाडी सारखी एका अंगाला ओढत राहते. त्यामुळे आमच्याकडे आधी फरशीवर दोरी ताणून सगळं खडूने आखून घेतात. रादिमने गॅरेजात जावा मधोमध उभी केली आणि तिच्या उजवीकडे पांढऱ्या खडूने साइडकार काढली. नाक, चाक, छोटं दारसुद्धा.

"बस आत," तो म्हणाला. "पाय पुरतात का बघ."

मी अनेश्काला मांडीवर घेऊन त्या रेघांमध्ये फरशीवर बसले.

"पाय पुरतायत. दात वाजतायत मात्र."

"म्हणजे वारा लागतोय. पुढची काच उंच घेऊ या," असं गंभीर चेहऱ्याने म्हणून त्याने काचेची रेघ लांबवली.

अनेश्का तिला होडी म्हणायची. दुपारी बाहुली आणि कोलाच, खसखस भरलेला गोड पाव, घेऊन होडीत जाऊन बसायची. रेघेवर कुणी पाय दिलेला तिला खपायचं नाही. आत यायचं तर दारातूनच, पाय उचलून. रादिमही उचलायचा.

सगळा हिवाळा आमच्या बोलण्यात गाडीच होती. रंग कोणता यावर आठवडाभर भांडलो. त्याला काळा हवा होता, मला बाटलीचा हिरवा. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, हिरवा. आणि टाकीवर तुझ्या बाबांच्या सोनेरी रेघा तशाच." अनेश्का झोपली की तेवढ्या वेळात मी साइडकारच्या गादीला जाड कॉर्डरॉयची खोळ शिवायची. चार टाके झाले की ती उठायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी चार.

बर्फ वितळायला लागला आणि रादिमने गॅरेजला कुलूप लावलं.

"आता गाड्यांच्या आशीर्वादाच्या रविवारपर्यंत आत यायचं नाही. तुला चकित करायचंय."

"आणि साइडकार कुठाय? कोठारात दिसली नाही."

"चेनेककडे. रंगाला."

चेनेक म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. इंजिनांमध्ये त्याच्यासारखा हात साऱ्या पंचक्रोशीत नाही. मला खरंच वाटलं.

एकदाच शंका आली. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक नवं स्प्रॉकेट पडलं होतं, साखळीचं इंजिनाकडचं दातेरी चाक. अनेश्काने त्यावर जुनं स्प्रॉकेट ठेवलं, ताटात वाटी ठेवावी तसं. नव्याचे दाते चहूबाजूंनी बाहेर दिसत होते. मी बाबांची मुलगी. साइडकार ओढायची तर पुढचं स्प्रॉकेट लहान घालतात, म्हणजे जोर मिळतो. मोठं घालतो तो, ज्याला एकट्याला सुसाट जायचंय.

"हे मोठं कसं काय रे?"

"दुकानदाराने चुकीचं दिलं. बदलून आणतो," रादिम म्हणाला आणि ते खिशात घातलं.

तेही मला खरं वाटलं.

आशीर्वादाच्या रविवारी प्रार्थना संपली की चर्चपुढच्या चौकात गाड्या रांगेने उभ्या राहतात. फादर पाण्याचं भांडं घेऊन प्रत्येक गाडीपाशी थांबतात आणि विचारतात, "हिच्यावर कोण बसतं?" मालकाने मोठ्याने नावं सांगायची, प्रत्येक नावाला एकदा पाणी शिंपडलं जातं. बाबा तीन नावं सांगायचे. तिसरं माझं. ते ऐकायला मी आदल्या दिवसापासून अधीर व्हायची.

मी अनेश्काची वेणी घालून, खोळ पिशवीत घेऊन चौकात उभी राहिले. आधी चेनेक आला. त्याच्या गाडीला साइडकार होती आणि तिच्यात चष्मा घातलेला त्याचा कुत्रा.

"आई, आपली होडी!" अनेश्का ओरडली.

रंग निळा होता, पण नाकावरचा पोचा बाबांच्या हातचा होता. कोठाराच्या दारावर आपटलेला.

मागोमाग रादिम आला. जावा बाटलीच्या हिरव्या रंगात चमकत होती, सोनेरी रेघा जागच्या जागी. हँडल खाली वाकवलेलं, नवा कार्ब्युरेटर, वर वळलेले दोन सायलेन्सर, आवाज असा की कबुतरं उडाली. आणि सीट एकच. तिच्या मागे उंचवटा, त्याच्या मागे काही नाही. मागची चॅसिस ग्राइंडरने कापलेली. साइडकार जोडायचे लोखंडी कान घासून असे गुळगुळीत केलेले, जसे कधी नव्हतेच.

"कशी दिसतेय?" रादिमने विचारलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"साइडकार?"

"अगं, इंजिनाचं सगळं काम चेनेकने केलं. त्याला काहीतरी द्यायला नको?"

चेनेकने हेल्मेट काढलं. "हेदा, हा म्हणाला तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तुला माहीत नव्हतं?"

तेवढ्यात फादर आलेच.

"हिच्यावर कोण बसतं?"

रादिमने घसा साफ केला. "मी. हेदविका. आणि अनेश्का."

"पोरीला काय टाकीवर बांधणार?" मागून कुणीतरी म्हणालं. चौक हसला. फादरांचा हात भांड्यातच राहिला.

"फादर," मी म्हणाले, "एकदाच शिंपडा. आम्ही दोघी चालत जाणार आहोत."

घरी जाताना रादिम इंजिन बंद करून गाडी ढकलत आमच्या शेजारून चालत होता. खाली वाकलेल्या हँडलमुळे त्याला कमरेत वाकावं लागत होतं.

"पुन्हा वेल्डिंग करून घेईन," तो म्हणाला.

"मला एकच सांग. हातात खडू होता तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. सुरुवातीला खरंच नव्हतं."

"मग कधीपासून?"

"काच उंच केली ना, साधारण तेव्हा."

"त्यानंतरही तू मला आत बसवायचास. पाय पुरतात का विचारायचास."

"तू इतकी खूश दिसायचीस, हेदा."

घरी पोचल्यावर अनेश्का माझा हात सोडून थेट गॅरेजात पळाली. फरशी स्वच्छ धुतलेली होती, खडूचा ठिपकाही नव्हता. ती एका जागी थांबली, पाय उचलून आत गेली आणि खाली बसली. मग जरा सरकून माझ्यासाठी जागा केली.

"ये ना आई."

मीही तिथेच पाय उचलला. खोळ फरशीवर अंथरली आणि तिला मांडीवर घेतलं. रादिम गाडी धरून दाराबाहेर उभा राहिला. गाडी आत कुठून आणायची ते त्याला समजेना. रेघा कुठे होत्या, ते त्याला आठवत नव्हतं.